टायटॅनिक : चित्रात न मावणारा नियम

टायटॅनिकवरील मुलांच्या सचित्र पुस्तकांत चार उंच धुरांडी, पांढरा हिमनग आणि काळा समुद्र हमखास असतात. निसर्गाने माणसाचा गर्व उतरविला, एवढाच बोध त्यांतून बालमनावर ठसतो. इतिहास याहून अधिक काही सांगतो.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळले आणि २ तास ४० मिनिटांत बुडाले. त्यावर सुमारे २,२०० माणसे होती. २० जीवनरक्षक होड्यांत जागा मात्र १,१७८ जणांची. यात नियमभंग नव्हता. १८९४ च्या ब्रिटिश नियमानुसार १०,००० टनांहून मोठ्या जहाजास १६ होड्या पुरेशा होत्या. जहाजे ४६,००० टनांवर गेली, नियम तेथेच राहिला. त्यातही ६५ जणांची पहिली होडी निम्मीही न भरता उतरविली गेली. सुमारे १,५०० जीव गेले. पुढे १९१४ च्या लंडन परिषदेने जहाजावरील प्रत्येकासाठी होडीत जागा असावी, हे तत्त्व स्वीकारले.

कागदोपत्री सारे बिनचूक असूनही माणसे बुडतात. म्हणून नातवंडांना ते चित्र दाखविताना हिमनगाबरोबर होड्याही मोजावयास सांगाव्यात.