सुईच्या टोकावरचा इतिहास

लहानपणी मला खरूज झाली तेव्हा शाळेत वेगळ्या बाकावर बसवले होते. 'घाणीत राहणाऱ्यांना होते ही,' असे कोणीतरी म्हटले. अम्मीने मुकाट्याने कडुनिंबाचा पाला उकळला. तो बाक मी विसरलो नाही. म्हणूनच पुढे खरजेच्या किड्याचा इतिहास आवडीने वाचला.

हा किडा जेमतेम ०.४ मिलिमीटरचा. बाराव्या शतकात अंदलुसियातील हकीम इब्न जुहर याने कातडीखालच्या अशा बारीक जीवाची नोंद केली. १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पण आधी काढायचा कसा? गरीब बायका आपल्या लेकरांच्या कातडीतून टाचणीने किडे काढतात, हे बोनोमोच्या पत्रातच आहे.

तरीही मोठे वैद्य खरजेचे मूळ बिघडलेल्या रक्तातच शोधत राहिले. १८१२ मध्ये पॅरिसला गालेस याने किडा सापडल्याचे जाहीर केले; पुढे रास्पाय याने त्याचे चित्र चीजमधल्या किड्याचे असल्याचे दाखवले. डॉक्टर फोड फोडून पाहत, हाती काही लागत नसे. किडा दाखवणाऱ्यास ३०० फ्रँकचे बक्षीसही लागले. अखेर १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने फोड सोडून, बारीक नागमोडी बिळाच्या टोकाशी सुई टोचली आणि किडा अलगद बाहेर काढला. ही रीत त्याने आपल्या बेटावरच्या बायकांकडे पाहिली होती!

दुसऱ्या महायुद्धात शेफिल्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी किडे एकेक करून मोजले. लढायला नकार दिलेल्या तरुणांनी या प्रयोगांसाठी स्वतःची शरीरे दिली. रोग्याच्या अंगावर माद्या सरासरी फक्त ११ च्या आसपास निघाल्या. रोग्यांचे वापरलेले कपडे अंगात घालूनही फारच थोड्यांना लागण झाली. रोग पसरतो तो मुख्यतः अंगाला अंग लागल्याने. एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांत, आईच्या कुशीत. म्हणजे घाणीपेक्षा दाटीवाटीचा आणि मायेचाच दोष अधिक.

सूक्ष्मदर्शकाने किडा मोठा करून दाखवला, हे खरेच. पण तो नेमका कुठे दडतो, हे सुई धरणाऱ्या बायकांना आधीच ठाऊक होते. त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत. बाकावरच्या त्या पोराला हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर त्याची मान थोडी वर राहिली असती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)