बडोदे संस्थान आणि भारतीय संघराज्य : करारापासून विलीनीकरणापर्यंत

वडोदरा शहराच्या जुन्या भागात वाडी नावाची वस्ती आहे. वाडी, दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकजण गायकवाडांच्या लष्करात, दरबारात, कचेऱ्यांत किंवा शाळांत नोकरीस होते. आज ही कुटुंबे गुजरात राज्याचे नागरिक आहेत. परंतु १ मे १९४९ पर्यंत त्यांच्यावर ज्या राज्याचा अंमल होता त्याचे स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायालये आणि स्वतःची विधिसभा होती. हे राज्य भारतीय संघात कसे सामील झाले आणि सामील होताना त्याच्या कायद्यांचे काय झाले, हा इतिहास गोव्याच्या वाचकालाही परका वाटू नये असा आहे.

करारांचे राज्य

मराठेशाहीच्या अखेरच्या काळात शिंदे, होळकर, भोसले आणि गायकवाड ही घराणी छत्रपतींची व पेशव्यांची सत्ता मान्य करीत असली, तरी आपापल्या प्रदेशांत ती बव्हंशी स्वतंत्रपणे कारभार करीत. इंग्रजांशी १८०२ आणि १८०५ मध्ये झालेल्या करारांनी गायकवाडांचे परराष्ट्रसंबंध आणि संरक्षण कंपनीच्या हाती गेले. अंतर्गत कारभार महाराजांकडे राहिला. मात्र या स्वायत्ततेची मर्यादा कोठे संपते हे ठरविणारे निःपक्षपाती न्यायासन अस्तित्वात नव्हते.

याचा प्रत्यय १८७५ मध्ये आला. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर ठेवण्यात आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन भारतीय सदस्य होते. इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले. भारतीय सदस्यांना तसे वाटले नाही. असे समसमान मत पडूनही सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून महाराजांना पदच्युत केले. करारातील दोन पक्षांपैकी बलवान पक्षच अर्थ लावणार असेल, तर कराराचा आधार किती पोकळ ठरतो हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सयाजीरावांचे कायदे

त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाणा येथील गोपाळराव हा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच सयाजीराव गायकवाड (तिसरे). डिसेंबर १८८१ मध्ये त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. या काळात बडोद्याने अनेक बाबतींत ब्रिटिश हिंदुस्थानच्या आधी पाऊल टाकले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यास लागू झाला. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९०४ चा. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा त्यानंतर पाव शतकाने आला. हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा अधिकार देणारा बडोद्याचा कायदा १९३१ चा आहे. देशभरातील हिंदूंना असा वैधानिक अधिकार १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला.

कायद्याच्या भाषेकडेही राज्याचे लक्ष होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय दिलेले आहेत. प्रजेला कायदा आपल्या भाषेत समजावा, ही त्यामागील भूमिका होती.

या सुधारणांची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या धारासभेचे स्वरूप मुख्यतः सल्लागाराचे होते. अंतिम शब्द महाराजांचाच असे. कायदा समाजाच्या पुढे गेला, तरी समाज त्याच्यामागे येतोच असेही नाही. ज्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीसाठी आल्यावर अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागा मिळेना आणि त्यांना शहर सोडावे लागले.

न झालेला संघ

संस्थाने आणि ब्रिटिश प्रांत यांचा एकच संघ करावा, ही कल्पना १९३० च्या गोलमेज परिषदेत पुढे आली. या परिषदेस सयाजीराव स्वतः उपस्थित होते. तिच्यातून १९३५ चा भारत सरकार कायदा आकारास आला. त्यात संघाच्या वरिष्ठ सभागृहातील २६० पैकी १०४ आणि कनिष्ठ सभागृहातील ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांसाठी राखल्या होत्या. प्रत्येक संस्थानिकाने स्वतंत्र सामीलनाम्याने संघात यावयाचे होते आणि पुरेशी संस्थाने आल्याखेरीज संघ अस्तित्वात येणार नव्हता. तशी ती आली नाहीत. महायुद्ध सुरू होताच ही योजना स्थगित झाली.

या योजनेवरील मूलगामी टीका डॉ. आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात केली. प्रांतांचे प्रतिनिधी लोकांनी निवडलेले आणि संस्थानांचे प्रतिनिधी राजांनी नेमलेले, असा संघ जबाबदार राज्यपद्धतीस बाधक ठरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. प्रत्येक संस्थानाच्या सामीलनाम्याप्रमाणे संघाचे अधिकार बदलणार असतील, तर एका संघात नागरिकांचे अनेक दर्जे निर्माण होतात, हा धोकाही त्यात अंतर्भूत होता.

घटनासमितीतील बडोदे

१९४७ मध्ये अनेक संस्थाने काठावर उभी असताना बडोद्याने घटनासमितीत येण्याचा निर्णय सर्वांत आधी घेतला. २८ एप्रिल १९४७ रोजी संस्थानी प्रतिनिधींची जी पहिली तुकडी समितीत दाखल झाली, तीत बडोद्याचे प्रतिनिधी होते. दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्तर यांची पुढे सात सदस्यांच्या मसुदा समितीवर नेमणूक झाली. त्यांच्या जागी नंतर एन. माधवराव आले. बडोद्याचे माजी दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी घटनासमितीचे एक उपाध्यक्ष झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष तर एके काळी बडोद्याच्या नोकरीत असलेले डॉ. आंबेडकर होते.

राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारतास ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनी या शब्दयोजनेचा खुलासा केला : हा संघ घटक राज्यांच्या आपसांतील करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही घटकास त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. दीडशे वर्षे करारांवर चाललेल्या बडोद्यासारख्या संस्थानांच्या दृष्टीने हा फार मोठा पालट होता.

सामीलनाम्याने संस्थानाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय केंद्रास दिले होते. दोन वर्षांच्या आत चित्र बदलले. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि १ मे १९४९ रोजी संपूर्ण राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराज प्रतापसिंहराव यांची मान्यता १९५१ मध्ये काढून घेण्यात आली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि वडोदरा गुजरातमध्ये गेले.

कायद्यांचे काय झाले?

विलीनीकरणानंतर बडोद्याच्या स्वतंत्र कायद्यांना आधार उरला नाही. केंद्राच्या १९४९ च्या आणि मुंबई सरकारच्या १९५० च्या विलीन राज्यविषयक कायद्यांनी बाहेरचे कायदे तेथे लागू होत गेले. बडोद्याने ज्या सुधारणा आधी केल्या, त्या पुढे देशभर आल्या. पण त्या बडोद्याच्या म्हणून टिकल्या नाहीत.

गोव्याचा अनुभव याहून वेगळा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर संसदेने केलेल्या गोवा, दमण व दीव (प्रशासन) कायदा, १९६२ च्या पाचव्या कलमाने, सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी बदल करीपर्यंत, त्यावेळी अंमलात असलेले कायदे चालू ठेवले. त्यामुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंब व वारसाविषयक तरतुदी गोव्यात टिकून राहिल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले आणि ३० मे १९८७ रोजी तो घटकराज्य झाला.

ही संहिता गोव्यात कोणत्या अधिकाराने चालते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मधील निकालात दिले. तिचा उगम परदेशी असला, तरी भारतीय संसदेने ती स्वीकारल्यामुळे तो आता भारतीय कायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे गोमंतकीय दांपत्याच्या सामाईक मालमत्तेचा आधार एखाद्या करारात नसून संसदेच्या कायद्यात आहे. संसद तो राखू शकते, तशी बदलूही शकते. संघात आलेल्या लहान राज्याचे वेगळेपण तेथील लोकप्रतिनिधींच्या जागरूकतेवर अवलंबून राहते ते याच कारणाने. बडोद्याकडे उत्तम कायदे होते. परंतु विलीनीकरणानंतर त्यांच्या बाजूने बोलणारी स्वतःची विधानसभा त्याच्याकडे राहिली नव्हती. गोव्याकडे ती आहे.