गिअर कोणी बदलायचा?

मोटारींच्या शर्यतीत हाताने बदलायचा गिअर चांगला की आपोआप बदलणारा, हा वाद जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत असे दिसते. गिअर केव्हा बदलायचा हे ठरवणे, हे एक काम; तो प्रत्यक्ष बदलणे, हे दुसरे.

दुसऱ्या कामात वेळ जातो. क्लच दाबून दांडा सरकवेपर्यंत इंजिनाची शक्ती चाकांना मिळत नाही. ताशी २०० किलोमीटर वेग असताना यात ०.३ सेकंद गेले, तर मोटार सुमारे १७ मीटर अंतर इंजिनाच्या रेट्याविना कापते.

टेक्सासच्या जिम हॉल यांनी १९६०च्या दशकात आपल्या ‘चॅपरल’ मोटारींना टॉर्क कन्व्हर्टर बसवला. यात इंजिनाला जोडलेले पात्यांचे चाक तेल घुसळते आणि ते तेल समोरचे दुसरे चाक फिरवते. थोडी शक्ती तेल तापवण्यात वाया जाते, पण क्लचचे पेडल लागत नाही. गिअर मात्र चालकच निवडत असे. १९६५ मध्ये या मोटारीने सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षीच्या ‘२ई’ मोटारीत मोकळ्या डाव्या पायाला नवे काम मिळाले. सरळ रस्त्यावर पेडल दाबून मागचा उंच पंख आडवा करायचा, म्हणजे हवेचा रोध कमी होई; वळणापूर्वी पाय उचलला की पंख पुन्हा तिरपा होऊन चाके रस्त्यावर दाबून धरी.

१९८९ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी फेरारीच्या फॉर्म्युला वन मोटारीतून गिअरचा दांडाच काढून टाकला. स्टिअरिंगमागची पट्टी बोटाने ओढली की विद्युत संकेत जाई आणि तेलाच्या दाबाने गिअर बदले. २६ मार्च रोजी ब्राझीलमध्ये नायजेल मॅन्सेल यांनी या मोटारीची पहिलीच शर्यत जिंकली. त्या मोसमात ती वारंवार बंद पडली; तरी काही वर्षांतच सर्व संघांनी ही पद्धत उचलली.

२००१च्या मोसमात गिअर केव्हा बदलायचा हेही संगणकाने ठरवण्यास परवानगी मिळाली. २००४ पासून नियमाने ती काढून घेतली. गिअर बदलण्याचे काम यंत्राकडे राहिले, निर्णय चालकाकडे परत आला.

वर्गात कॅल्क्युलेटर असावा की नसावा, या वादातही हीच दोन कामे वेगळी करून पाहावीत. आकडेमोड यंत्राने केली, तरी कोणती क्रिया करायची हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे असते. त्याचा सराव आपण किती देतो?