एका नावाची दोन गावे

आपल्यापैकी पुष्कळांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही नावे कोकणातील गावांची. गाव सुटले, पण आडनावात राहिले. इटलीतील एका खेड्याच्या लोकांनी मात्र अमेरिकेत आल्यावर गावाचे नाव नव्या वस्तीलाच दिले. त्या रोझेटोची हकीकत डॉक्टर व नर्स मंडळींत प्रसिद्ध आहे. वाचकांनाही ती विचार करण्याजोगी वाटेल.

मूळ गाव रोझेटो वाल्फोर्तोरे. दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतात, फोज्जा जिल्ह्यातील डोंगरांत, सुमारे ६५० मीटर उंचीवर ते वसले आहे. रोझेटो म्हणजे गुलाबांची बाग, आणि वाल्फोर्तोरे म्हणजे फोर्तोरे नदीचे खोरे. ही नदी उत्तरेस वाहत जाऊन एड्रियाटिक समुद्रास मिळते. दगडी घरे, अरुंद गल्ल्या, मध्ये चौक आणि चौकात जमीनदाराचा वाडा. शेते खाली दूरवर. लोक पहाटे डोंगर उतरून कामाला जात आणि दिवसभर राबून संध्याकाळी तोच डोंगर चढून घरी येत.

जमिनीचे धनी थोडे, राबणारे फार. १८६१ साली इटलीचे एक राज्य झाले, पण गरिबाच्या ताटात भर पडली नाही. उलट १८६९ पासून धान्य दळण्यावर कर बसला, म्हणजे रोजच्या घासावरच पट्टी! १८८२ च्या जानेवारीत दहा पुरुष व एक मुलगा असे अकराजण बोटीने न्यूयॉर्कला निघाले.

त्यांना काम मिळाले पेन्सिल्व्हानियात, बँगर गावाजवळच्या खाणींत. लहानपणी आपण ज्या दगडी पाटीवर अक्षरे गिरवली, तसल्याच दगडाच्या त्या खाणी. त्या दगडाची छपरे होत, शाळेचे फळे होत. बँगरमध्ये वेल्श व इंग्रज लोकांचे वजन. इटालियनांच्या वाट्यास जड काम आणि थोडी मजुरी. मग त्यांनी शेजारच्या टेकडीवर जागा घेऊन घरे बांधली. गावी पत्रे गेली, मागोमाग भाऊबंद आले. १८९७ च्या सुमारास फादर पास्क्वाले दे निस्को हे धर्मगुरू आले. त्यांनी मंडळे काढली, उत्सव सुरू केले, बियाणे वाटून परसात कांदे, बटाटे, फळझाडे लावायला सांगितली. पुढे कपडे शिवण्याचे कारखाने निघाले व बायकांनाही काम मिळाले. १९१२ साली गावाला स्वतःचा कारभार मिळाला.

आता हृदयाची गोष्ट. डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ ते १९६१ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. सुमारे १६०० वस्तीच्या या गावात हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू शेजारगावांच्या निम्म्याहून कमी निघाले. १९६४ साली हे छापून आले तेव्हा मोठे आश्चर्य झाले. कारण ही माणसे पथ्य करणारी नव्हती. स्वयंपाक चरबीत, अंगाने स्थूल, धूम्रपानही चाले. पाणी, हवा व डॉक्टर शेजाऱ्यांचेच. निराळे होते ते घर: आजी-आजोबांसह तीन पिढ्या एका छपराखाली, शेजारी दारात, श्रीमंतीचा तोरा नाही, अडचणीतल्या माणसाला एकटे सोडायचे नाही.

गाव लहान म्हणून आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये, असे काही तज्ज्ञ म्हणतात. ते ध्यानात ठेवलेच पाहिजे. पण पुढची नोंदही बोलकी आहे. तरुण मंडळी शिकली, मोठ्या मोटारी आल्या, ऐसपैस जागेत एकेकट्यांची घरे झाली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९३५ ते १९८५ अशी पन्नास वर्षे तपासली होती. पहिली तीस वर्षे रोझेटो बँगरपेक्षा बरे होते. नंतर हृदयविकाराचे मृत्यू वाढले आणि दोन्ही गावे सारखी झाली. गावाचे नाव तेच, रस्ते तेच, चर्चही तेच होते.

वाचकहो, नर्स म्हणून मी वर्षानुवर्षे रोग्याला घरी पाठवताना एक प्रश्न विचारत आले: घरी कोण आहे? रोझेटोची हकीकत त्याच प्रश्नाची आहे. आपण ठाण्याला असू, अश्दोदला असू की न्यूयॉर्कला, सणाला मंडळी जमतात हे चांगलेच आहे. पण एकटी राहणारी आत्या आज जेवली का, हे मधल्या साध्या दिवशी कोण विचारते, तेही पाहिले पाहिजे. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, टेलिफोन पुरतो.