सिस्टिक फायब्रोसिस आणि घरातील जिवाणू : संसर्गस्रोतांच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग असला, तरी बहुतेक रुग्णांचे आयुष्य फुप्फुसांतील दीर्घकालीन जिवाणू-संसर्गाने घटते. न्यूयॉर्क येथे डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्यामागील जनुक १९८९ मध्ये सापडले. मात्र फुप्फुसांत शिरणारे जिवाणू येतात कोठून, या प्रश्नाच्या शोधाला स्वतंत्र इतिहास आहे.

कांद्यापासून फुप्फुसापर्यंत :
अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांदा कुजविणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन केले व कांद्याच्या लॅटिन नावावरून त्यास ‘सेपेशिया’ हे नाव दिले. हाच जिवाणू सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत घातक ठरत असल्याचे टोरांटो येथील संशोधकांनी १९८४ मध्ये नोंदविले. तो निकट सहवासातून पसरतो, असा पुरावा १९९३ मध्ये ब्रिटनमधून पुढे आला. परिणामी रुग्ण-मुलांची उन्हाळी शिबिरे बंद पडली. ज्यांना एकमेकांचा आधार होता, त्यांनाच एकमेकांपासून दूर ठेवावे लागले.

घराकडे वळलेले लक्ष :
‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ हा या रोगातील दुसरा प्रमुख जिवाणू ओलाव्यात तग धरतो. बेसिनचे निचरा-नळ, न्हाणीघर ही त्याची आश्रयस्थाने होत. औषधाचे तुषार फुप्फुसांत पोहोचविणारे घरगुती नेब्युलायझरही जिवाणूंनी दूषित असू शकतात, हे १९९६ मधील ब्रिटिश अभ्यासाने दाखविले. उपचाराचे साधनच संसर्गाचे साधन ठरण्याची ही शक्यता होती. पुढे २००८ मध्ये बेल्जियममधील अभ्यासात काही नवसंसर्गित रुग्णांच्या घरी व त्यांच्या श्वसनमार्गात एकाच जनुकीय प्रकारचा जिवाणू आढळला. तथापि असे साम्य संबंध सिद्ध करते, दिशा नव्हे. बेसिनमधून रुग्णाकडे की रुग्णाकडून बेसिनमध्ये, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

निष्कर्ष :
अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१३ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णांत किमान ६ फूट अंतर, तसेच नेब्युलायझरची स्वच्छता, निर्जंतुकीकरण व हवेत पूर्ण वाळविणे यांवर भर दिला. संपूर्ण घर निर्जंतुक करणे अशक्य असून तसा प्रयत्न कुटुंबावर भय व श्रम यांचा बोजा लादतो. म्हणून थेट श्वासाशी संबंध येणारी साधने कोरडी व स्वच्छ ठेवणे, हाच या शोधाचा व्यवहार्य बोध होय. पुरावा जेथे भक्कम आहे, तेथेच काटेकोरपणा मागणे रुग्णाच्या हिताचे ठरते.