शिकारी गोष्टीत नंतर आला

बोईसर-तारापूर पट्ट्यात मी सव्वीस वर्षे मराठी शिकवले. वर्गात वारली, मांगेला, भंडारी घरांतली मुले असत, शिवाय एमआयडीसीतल्या कामासाठी दूरवरून आलेल्या कुटुंबांतलीही. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक उद्योग देत असे : एखादी परीकथा मुलीच्या बाजूने पुन्हा लिहा.

पहिल्याच वर्षी तोंडावर आपटले. ३८ वह्या, ३८ राजकन्या आणि प्रत्येकीच्या हातात तलवार! बाईंना काय आवडेल ते मुलांनी बरोब्बर ओळखले होते. गोष्ट बदलायला लावण्याआधी ती आजवर कोणी कोणी बदलली, हे सांगायला हवे होते.

म्हणून पुढच्या वर्षी फळ्यावर सनावळी लिहिली. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली छापली. त्याच्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, नातीला खातो आणि गोष्ट संपते. १८१२ मध्ये जर्मनीत ग्रिम बंधूंनी ती छापली, तेव्हा शिकारी आला आणि त्याने लांडग्याचे पोट फाडून दोघींना बाहेर काढले. फ्रान्सच्या खेड्यांत तोंडोतोंडी चालत आलेली आणि १८८५ च्या सुमारास टिपून घेतलेली एक गोष्ट मात्र निराळी आहे. त्यात शिकारीच नाही. पोरगी लांडग्याला म्हणते, मला बाहेर जायचंय. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती दोरी झाडाला बांधते आणि घर गाठते.

वर्ग खिदळला. ज्यांच्या पाड्यावर संडास नव्हते, त्या मुलींना ही युक्ती समजावून सांगावी लागली नाही.

हिमगौरीचेही तसेच. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात तिच्या जिवावर उठते ती सख्खी आई, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढेच म्हणाला, ‘मग सावत्र आईला उगाच बोल लागला.’ त्याच्या घरी कोण आहे, ते मला ठाऊक होते.

आमच्या भागाला गोष्टीचे वावडे कधी नव्हते. मॉन्टेसोरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा पसंत नव्हत्या, तर भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी गोष्टीला बालशिक्षणात मानाचे पान दिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीत आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणवाडी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, हे सारे आमच्या शेजारच्या डहाणू तालुक्यात घडले.

पण त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे गोष्ट बायकांच्या ताब्यात होती. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाणी म्हणत लग्न लावते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचे चित्र, म्हणजे चौक, लिहितात. हो, चौक ‘लिहितात’. त्यात पालघट देवी बसते आणि तिच्यावाचून लग्न लागत नाही. एका विद्यार्थिनीच्या मावशीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा ओटीवर बसून हे पाहिले. आत भिंतीशी बायका होत्या, पुरुष मांडवात.

१९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले. त्यांनी कागद आणि रंग दिले आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. पण कागदाच्या कोपऱ्यात सही असते, भिंतीवर नसते. त्यांच्या आधी किती बायकांनी चौक लिहिले, त्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत.

पेरो, ग्रिम आणि आमचा चौक यांत मला हे एकच सूत्र दिसते. सांगणारी घरात राहिली आणि गोष्ट टिपणाऱ्याच्या नावावर गेली. शिकारी गोष्टीत शिरला तो छापखान्यातून.

मग मी उद्योग बदलला. आधी घरी जा, आजीला, आईला, शेजारच्या काकूला गोष्ट विचारा, मग लिहायला बसा. पुष्कळ जणांनी भोपळ्यातली म्हातारी आणली. लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते, अशी थाप वाघाला मारणारी ही बाई कोणाची वाट पाहत बसत नाही. तिच्यात दुरुस्ती करायला कोणालाच काही सापडले नाही.

सर्वांत चांगली वही एका मुलीची होती. तिने लाल टोपीवालीच्या आईची गोष्ट लिहिली. पोरीला एकटीला रानात का पाठवले? तर आईची कंपनीत पहिली पाळी होती आणि आजीला ताप होता. लांडगा तिच्या गोष्टीत दोनच ओळी होता. तलवार नव्हतीच.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे : मुलांना गोष्ट नव्याने लिहायला जरूर लावा, पण वहीच्या पहिल्या ओळीत ती सांगणारीचे नाव लिहून घ्या.