निवृत्तीचा हिशेब

निवृत्ती हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. ज्ञानेश्वरांच्या वडीलबंधूंचे आणि गुरूंचे ते नाव आहे आणि कचेरीतून अखेरची सही करून बाहेर पडणाऱ्या कारकुनाच्या अवस्थेचेही. पहिल्या अर्थी मन विषयांपासून मागे फिरते, दुसऱ्या अर्थी माणूस पगारापासून. अलीकडे चाळिशी-पंचेचाळिशीतच नोकरीला रामराम ठोकण्याचे बेत आखले जातात. त्यांत हे दोन्ही अर्थ नकळत मिसळतात. पुरेशी पुंजी साठली की समाधान आपोआप येईल, असे गृहीत धरलेले असते. या गृहीताची परीक्षा आपल्याच इतिहासात पाहता येते.

आरंभ बारामतीपासून करणे सोयीचे आहे. कऱ्हेकाठच्या या गावी मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) ऐन तारुण्यात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक जोशी हे सावकारी घराण्यातले. पेशव्यांचे सोयरे, तसेच धनकोही. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी ज्यांचे नाव पुढे आले, ते हेच. अशा मातबर घरी पुराण सांगण्याची वृत्ती मिळाल्याने पंतांची पोटापाण्याची चिंता मिटली. ‘आर्याभारत’, परंपरेने एकशे आठ मानलेली रामायणे आणि उतारवयातली ‘केकावली’ एवढा पसारा मांडायला जी फुरसत लागते, ती या वृत्तीने पुरविली. पंतांच्या काव्याच्या विपुलतेची चर्चा आपण प्रतिभा आणि व्यासंग यांच्या अंगाने करतो. त्या विपुलतेला सावकाराच्या तिजोरीचाही आधार होता, हे सहसा सांगत नाही. मात्र ही निश्चिंती दात्याच्या मर्जीवर आणि त्याच्या घराण्याच्या भरभराटीवर अवलंबून होती. आश्रिताला तिच्या अटी ठरविता येत नव्हत्या.

याच्या नेमके उलट उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचे. १८१८ मध्ये शरण येऊन राज्य सोडताना त्याचे वय त्रेचाळीस होते. कंपनीने त्याला सालीना आठ लाख रुपयांचे पेन्शन दिले आणि गंगाकाठी विठूरला पाठविले. १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बत्तीसहून अधिक वर्षे, ते चालू राहिले. निव्वळ रकमेचा विचार केला तर मराठी माणसाच्या वाट्याला आलेली ही सर्वांत सुखवस्तू अकाल निवृत्ती असेल. पण तिच्यात काम उरले नव्हते. पेन्शनही त्याच्या एकट्याच्या आयुष्यापुरतेच होते. दत्तक पुत्र नानासाहेबांना ते नाकारले गेले आणि तो सल पुढे १८५७ पर्यंत पोचला.

तिसरे उदाहरण आम्हांला सर्वांत उद्‍बोधक वाटते. १९०२ च्या सप्टेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाने गोपाळ कृष्ण गोखले यांना निरोप दिला, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा करावी, पंचाहत्तर रुपयांच्या घरातला मासिक पगार घ्यावा आणि शेवटी अल्पसे निवृत्तिवेतन घेऊन मोकळे व्हावे, अशी रचना होती. गोखल्यांचे अन्य उत्पन्न म्हणजे मुख्यतः त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक. ते शाळाशाळांतून लागले आणि वर्षानुवर्षे खपत राहिले. थोरल्या भावाने पंधरा रुपयांच्या नोकरीतून आठ रुपये पाठवून ज्याचे शिक्षण चालविले, त्या मुलाला हिशेब शिकवावा लागला नव्हता. गरजा आखडत्या ठेवाव्यात आणि उत्पन्न थोडे पण खात्रीचे असावे, एवढीच त्यांची योजना. या बळावर त्यांनी विधिमंडळाच्या कामाला वाहून घेतले.

परंतु या योजनेमागे एक कडू वाद आहे. सोसायटीच्या सभासदांनी बाहेरचे काम करून पैसा मिळवावा की नाही, यावर टिळक आणि आगरकर यांच्यात वर्षानुवर्षे खटके उडाले. संस्थेला सर्वस्व द्यावे, बाहेरची मिळकत घेऊ नये, हा टिळकांचा आग्रह. कुटुंबाच्या गरजा वाढल्या की पगारही थोडा वाढावा, ही आगरकरांच्या बाजूची भूमिका. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपाला गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. ज्यांच्या निधनानंतर उशाशी अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेली पुडी सापडल्याचे सांगतात, ते आगरकर दारिद्र्याचा नियम करू नका असे म्हणत होते, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि सहकाऱ्यांवर लादलेले दारिद्र्य यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

पुढे १९०५ च्या जूनमध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांनी घ्यावयाच्या सात प्रतिज्ञांपैकी एक अशी की, समाज आपली व आपल्या कुटुंबाची जी तरतूद करील तीत संतोष मानावा आणि स्वतःसाठी धन मिळविण्यात शक्ती खर्चू नये. पंधरा वर्षांपूर्वी टिळकांनी जो आग्रह धरला होता, तोच येथे गोखल्यांच्या हातून नियम झाला! मात्र त्यात कुटुंबाच्या तरतुदीचा उल्लेख आहे. एका परीने आगरकरांचा आक्षेपही त्यांनी त्यात सामावून घेतला, असे आम्ही मानतो.

या निवृत्तीने गोखल्यांना समाधान दिले का? विसावा तर खचितच दिला नाही. मधुमेहाने पोखरलेल्या देहानिशी ते झिजत राहिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते वारले, तेव्हा वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. तरीही आपला दिवस कशासाठी खर्च व्हावा, हे ठरविण्याची मुभा त्यांनी छत्तिसाव्या वर्षी मिळविली होती. मोरोपंतांना ती दात्याने दिली. बाजीरावापाशी ती असूनही निरुपयोगी ठरली.

म्हणून अकाली निवृत्तीचा हिशेब मांडताना किती रक्कम पुरेल, या प्रश्नाच्या शेजारी आणखी दोन प्रश्न लिहिले पाहिजेत : ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे आणि मोकळा झालेला काळ कोणाच्या कामी येणार आहे? गोखल्यांचे अंकगणित शाळांतून केव्हाच गेले. हे उदाहरण मात्र ज्याचे त्याने सोडवायचे आहे.